प्रसंगाला ठेवलेली फिल्म

आमच्या घरात चांगली वस्तू वापरायची नसते. ठेवायची असते. शोकेसमधल्या काचेच्या कपांतून कुणी चहा प्यायल्याचं मला आठवत नाही. आईची एक रेशमी साडी घडीवर विरली, पण नेसली गेली नाही. मस्कतहून आलेला जाडजूड टॉवेल पाहुण्यांसाठी राखलेला, आणि पाहुणे आले की ‘उगाच कशाला मळवा’ म्हणून त्यांच्या हातात साधा पंचा. तेव्हा पोलरॉइडच्या, म्हणजे काढलेला फोटो लगेच बाहेर देणाऱ्या कॅमेऱ्याच्या, फिल्मचं पुढे जे झालं त्यात नवल काही नाही.

कॅमेरा काकाने आणला. तो मस्कतला नोकरीला होता. १९९८ च्या गणपतीला चिपळूणला आला तेव्हा त्याच्या बॅगेत टँग, अत्तर, पोरांसाठी घड्याळं आणि तळाशी हा काळा बोजड ठोकळा. वरचं झाकण उचललं की त्याला फ्लॅश आणि डोळा एकदमच फुटायचे. सोबत फिल्मचे तीन डबे, एकेकात दहा फोटो. ‘म्हणजे एकूण तीस,’ हा हिशेब बाबांनी आरती सुरू व्हायच्या आत करून टाकला होता.

पहिले दहा त्या पाच दिवसांतच उडाले. फोटो कॅमेऱ्याच्या तोंडातून घुर्रर करत बाहेर आला की आम्ही पोरं तो पंख्यासारखा हलवायचो. हलवल्याने फोटो लवकर येतो ही समजूत साफ खोटी, उलट आतले थर सुटायचा धोका असतो, हे मला वीसेक वर्षांनी कळलं. तेव्हा हलवणं हाच अर्धा फोटो होता. दुसरा डबा आत्याच्या लग्नात संपला. तिसरा बाबांनी कपाटात ठेवला. “असू दे. प्रसंगाला लागेल.”

डब्यावर तारीख छापलेली होती, ऑगस्ट १९९९. ती कुणी वाचली नाही. वाचली असती तरी मनावर घेतली नसती. खराब व्हायला फिल्म म्हणजे काय दूध आहे?

प्रसंग तर येतच गेले. माझा दहावीचा निकाल लागला; पेढ्यांवर भागलं. ताईचं लग्न झालं. पण तिथे फोटोवाला होता, व्हिडिओवाला होता, मग ही कशाला काढा. बाबा निवृत्त झाले त्या दिवशी मी खरंच म्हटलं, “तो डबा काढूया का?” बाबा म्हणाले, “माझा कसला प्रसंग?” २०१४ मध्ये बाबा गेले. हार घालायला फोटो हवा म्हणून शोधाशोध झाली तेव्हा बँकेच्या पासबुकावरचा पासपोर्ट साइझचा सापडला. स्टुडिओवाल्याने तो मोठा करून दिला. मोठा केल्यावर त्यात बँकेच्या शिक्क्याची अर्धी कडा बाबांच्या खांद्यावर आली. ती अजूनही भिंतीवर आहे.

हा कॅमेरा ज्याने शोधला त्या एडविन लँडची गोष्ट मी नंतर कधीतरी वाचली आणि मला हसू आलं. १९४३ मध्ये सांता फे इथे सुट्टीवर असताना त्याच्या तीन वर्षांच्या मुलीने विचारलं, आत्ता काढलेला फोटो आत्ताच का नाही दिसत? त्या एका प्रश्नामागे लागून त्याने १९४७ मध्ये जागच्या जागी तयार होणारा फोटो लोकांना दाखवला, पुढच्या वर्षी कॅमेरा विकायलाही काढला, आणि १९७२ पर्यंत तर वरचा कागद सोलायचीही गरज नसलेला, उजेडात डोळ्यांसमोर उमटणारा फोटो आणला. म्हणजे एका पोरीला धीर धरवेना म्हणून जी वस्तू जन्माला आली, ती येऊन पडली कुठे, तर वीस वर्षं सहज थांबू शकणाऱ्या घरात.

२२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी नदी चिपळुणात शिरली. काकाचं घर बाजारपेठेच्या बाजूला, खालच्या अंगाला. पाणी उतरल्यावर आम्ही पुण्याहून पोचलो तेव्हा घरभर करड्या चिखलाचा गिलावा झाला होता. अल्बम कपाटाच्या खालच्या खणात होते. पानं एकमेकांना चिकटून त्यांची वीट झाली होती. सोडवायला गेलं की कागद हातात आणि चेहरे समोरच्या पानावर. १९९८ च्या गणपतीतले पोलरॉइड त्यातच होते. चारही बाजूंनी बंद असल्यामुळे त्यांतला एक बऱ्यापैकी वाचला. त्यात मी आहे, दात पडलेली, आणि आरतीचं तबक.

कॅमेरा मात्र माळ्यावर होता. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात, मफलरमध्ये गुंडाळलेला. शेजारी तिसरा डबा, न उघडलेला. पुरापासून वाचला, पण त्याआधी बावीस उन्हाळे त्याने कौलांखाली काढले होते. पोलरॉइडची आजची फिल्म वापरताना १३ ते २८ अंशांत वापरा असं सांगतात. त्याखाली फोटो निळसर पडतो, वर पिवळा-तांबडा. साठवायची तर त्याहूनही थंड जागी. चिपळूणचा माळा एप्रिलमध्ये २८ अंशांची चेष्टा करतो.

मी कॅमेरा आणि डबा पुण्याला आणला. आईही आली, चिखल निघेपर्यंत म्हणून, आणि मग राहिलीच.

पहिली फजिती अगदीच मुकी होती. डबा कॅमेऱ्यात सरकवला, दार लावलं. आता सगळ्यांत वरचं काळं आवरण घुर्रर करत बाहेर यायला हवं. काही नाही. दार उघडलं, लावलं. काही नाही. ह्या कॅमेऱ्याच्या अंगात बॅटरी नसते; चपटी सहा व्होल्टची बॅटरी फिल्मच्या डब्याच्याच तळाशी असते, दर डब्यागणिक नवी. कल्पना सुंदर आहे, कॅमेऱ्याचा सेल संपला हे कारणच उरत नाही. फक्त फिल्म तेवीस वर्षं ठेवणाऱ्या माणसांचा विचार कुणी केला नव्हता.

उपाय एकच, जुने फोटो जिवंत बॅटरीच्या डब्यात हलवायचे. त्यासाठी नवा डबा हवा, आणि तो मिळतो हे एक आश्चर्यच आहे. पोलरॉइडने २००८ मध्ये फिल्म बनवणं थांबवल्याचं जाहीर केलं होतं. नेदरलँड्समधल्या एन्स्खेडे शहरातला कारखाना मोडीत निघायचा, तर काही हट्टी माणसांनी तो वाचवला, जुनी रसायनं मिळेनात म्हणून कृती नव्याने बसवली आणि २०१० मध्ये फिल्म पुन्हा बाजारात आणली. सुरुवातीची फिल्म इतकी नाजूक, की फोटो बाहेर पडताक्षणी उजेडापासून झाकावा लागे. आता बरीच सुधारली आहे. महाग मात्र आहे. एक फोटो म्हणजे बऱ्या हॉटेलातली एक थाळी. आणि पूर्वी डब्यात दहा असायचे, आता आठच असतात. जुन्या कॅमेऱ्याला हे कुणी कळवलेलं नाही. तो दहापासून खाली मोजतो, आणि डबा रिकामा झाला तरी मागच्या बारीक खिडकीत २ दाखवत बसतो.

मी दोन डबे मागवले. एक वापरला, त्याचा सांगाडा आणि बॅटरी ठेवली. दुसरा फ्रीजमध्ये ठेवला. कशासाठी, हे मी तेव्हा स्वतःला विचारलं नाही. फिल्म गारव्यात टिकते एवढं आईच्या कानावर होतं, म्हणून तिने जास्त टिकावी ह्या प्रेमाने तो वरच्या फ्रीजरमध्ये मटारच्या पिशवीखाली सरकवला. गोठवली की आतल्या रसायनाचं वाटोळं होतं. तो डबा गेला. आईला मी काही बोलले नाही, कारण तोंड उघडलं असतं तर ‘एवढी काळजी होती तर वापरायचा होतास’ हे आलं असतं आणि त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

अदलाबदल ठार अंधारात करावी लागते. रात्री साडेअकराला मी बाथरूममध्ये बसले. खिडकीला गोधडी, दाराच्या फटीला टॉवेल, आणि हो, तोच मस्कतचा; अखेर त्याला प्रसंग मिळाला. अंधारात हात डोळ्यांसारखे चालतात म्हणतात, ते खरं नाही. फोटोची एक बाजू रुंद, त्या रुंद पांढऱ्या पट्टीत रसायनाची पुडी लपवलेली. ती पुडी बाहेर पडायच्या तोंडाकडे यायला हवी आणि चित्राची बाजू वर. मी बोटांनी पुडी चाचपत होते. ताज्या फिल्मची पुडी जरा दबते. ही उडदाच्या जुन्या पापडासारखी लागत होती, आता मोडेल की मग अशी. दोन फोटो एकमेकांना घट्ट चिकटलेले निघाले. सोडवताना टर्रकन आवाज झाला आणि बोटांना काहीतरी चिकट लागलं. एवढ्यात आईने बाहेरून विचारलं, “पोट बिघडलंय का गं?” मी “नाही” म्हणाले. “मग दिवा तरी लाव,” म्हणत तिने बाहेरचं बटण दाबायला आणि मी किंचाळायला एकच गाठ पडली. तिने हात मागे घेतला. तेवढं एक नशीब.

ते चिकट म्हणजे तीव्र अल्कली असते. साबणाने हात धुतले तरी दोन दिवस बोटांची सालं निघत होती. चिकटलेले दोन टाकून दिले. राहिले आठ.

पहिला फोटो गॅलरीतल्या तुळशीचा. काळं आवरण घुर्रर करत बाहेर आलं तेव्हा मला इतका आनंद झाला, की मी आईला हाक मारली. तुळस काही आली नाही. दहा मिनिटांनी एक तपकिरी ढग आणि त्यात कुंडीची कड, एवढंच. दुसरा फोटो म्हणजे काळाकुट्ट चौकोन. तो मी बाथरूममध्ये उलटा घातला होता; बिचाऱ्याने आयुष्यातला एकुलता उजेड पाठीवर घेतला.

तिसरा आईचा. ती कट्ट्याशी बसून मेथी निवडत होती. “असा काय फोटो काढतेस, थांब, साडी तरी बदलते,” म्हणाली, तेवढ्यात मी बटण दाबलं. हा फोटो मी पुष्कळ वेळ बघत बसले. खालचा अर्धा भाग आला होता, जुन्या तुपाच्या रंगात, पण आला होता. मेथीची जुडी, वर्तमानपत्राचा कागद, आईचे हात. उजव्या अंगठ्यावरची विळीची जुनी खूण सुद्धा. कोपरापासून वर एक नागमोडी कड, आणि त्याच्यावर काळपट काही नाही. आईने तो हातात घेतला, लांब धरला, चष्मा लावून जवळ आणला. “हात माझेच आहेत,” म्हणाली.

असं का होतं ते मग नीट समजून घेतलं. फोटो बाहेर पडताना दोन पोलादी रुळांमधून जातो. रुंद पट्टी आधी जाते, रूळ पुडी फोडतात, आणि आतली पेस्ट दोन थरांमध्ये पसरत पसरत वरच्या टोकापर्यंत जाते. तिच्यात भिंतीच्या पांढऱ्या रंगात असतं तेच टायटॅनियम डायऑक्साइड असतं, ती चित्रामागची पांढरी जमीन. आणि सुरुवातीला उजेड अडवणारा, मग आपोआप विरून जाणारा एक गडद रंग. वर्षानुवर्षं पुडीतलं पाणी हळूहळू उडत जातं. पेस्ट घट्ट होते, कमी होते. मग ती पायाकडून निघते खरी, पण डोक्यापर्यंत पुरत नाही. तारीख उलटलेल्या फिल्मवर माणसांचे पाय येतात, हात येतात, ताटातलं जेवण येतं. चेहरे राहतात. माझा सगळा खटाटोप चेहऱ्यांसाठी होता हे फिल्मला कोण सांगणार.

हे कळल्यावर मी शहाणपणा केला आणि कॅमेरा उलटा धरून ताईच्या मुलीचा फोटो काढला, म्हणजे पेस्ट आधी चेहऱ्याला मिळेल. युक्ती बरोबर होती. फोटो मध्येच अडकला. रुळांवर आधीच्या फोटोतून बाजूने निसटलेली पेस्ट वाळून बसली होती, आणि घाईत मी तो हाताने ओढला. जे आलं त्यात पोरीच्या कपाळावरून आडव्या पट्ट्या गेल्या आहेत, झेब्रा क्रॉसिंगसारख्या. ओल्या फडक्याने रूळ पुसायचे असतात, दर डब्याला, हे साधं काम. पुढच्या फोटोवर ठरावीक अंतराने तेच ठिपके आले, कारण पुसताना एक खडा राहिला होता आणि रूळ फिरताना तो न चुकता शिक्का मारत गेला. पोरीकडे स्वतःचा इन्स्टॅक्स आहे, असाच लगेच फोटो देणारा नव्या जमान्यातला कॅमेरा. वाढदिवसाला दहाच्या दहा फोटो ती अर्ध्या तासात उडवते आणि पोरी ते फ्रीजला चिकटवून जातात. तिने माझ्या झेब्र्याकडे बघितलं. “मावशी, हे बिघडलंय,” म्हणाली आणि मला तिचा एक फोटो देऊ केला.

सहावा आणि सातवा ह्यांबद्दल बोलण्यासारखं काही नाही. उरला एक. तो मी चिपळूणसाठी ठेवला, आणि ठेवताना माझ्या तोंडून कुणाचा शब्द निघाला ते आईच्या लक्षात आलं असावं, कारण ती गालात हसली.

शिमग्याला आम्ही गेलो. काकाने घर रंगवून घेतलं होतं, पण दाराशेजारची एक भिंत तशीच ठेवली होती. त्या भिंतीवर पुराची रेघ आहे. खाली करडं, वर जुना निळा चुना, मध्ये सुतळी धरून आखावी तशी कड. २००५ च्या पुराची खूण तिच्या बरीच खाली, कोळशाने काढलेली. येणाऱ्या-जाणाऱ्याला काका दोन्ही दाखवतो, शेताची हद्द दाखवावी तसा. मी म्हटलं, “काका, इथेच उभा राहा.”

“ह्याची फिल्म अजून आहे?” तो म्हणाला. “तुझ्या बापाने वापरली नाही?”

मी नाही म्हटलं. तो काही बोलला नाही. बनियनवर होता, आत जाऊन सदरा घालून आला, केसांना पाणी लावलं, आणि भिंतीला पाठ लावून सैनिकासारखा ताठ उभा राहिला. उलटा धरायची युक्ती मला अगदी आठवत होती. पण कॅमेरा उलटा केला की बोटं चाचपडतात, आणि काकाने श्वास रोखून धरला होता. मी सरळच धरून बटण दाबलं.

फोटो आम्ही ओटीवर, उन्हापासून वाचवून, रविवारच्या पुरवणीखाली ठेवला. काकूने चहा आणला. पुरवणी उचलली तेव्हा खालून वर सरकत आलेला तो तुपाळ रंग काकाच्या छातीपाशी थांबला होता. जरा वाकडीतिकडी, पण एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत गेलेली रेघ. खाली लेंगा, सदऱ्याची बटणं, भिंतीची करडी बाजू; वर काका नाही.

माझा चेहरा पडला असणार. काकाने फोटो घेतला, उठला, भिंतीपाशी गेला आणि फोटोतल्या कडेवर नख ठेवून म्हणाला, “बरोबर आहे की. पाणी इथपर्यंतच होतं.” मग त्याने तो काकूला दाखवला, मग शेजारच्यांना हाक मारून दाखवला, आणि प्रत्येकाला ते नख लावून सांगितलं.

मी कॅमेरा मफलरमध्ये गुंडाळायला घेतला, तर काकाने तो हातातून काढून घेतला. मागची खिडकी डोळे बारीक करून वाचली.

“अजून दोन आहेत,” म्हणाला. “आण, तुझ्या आईचा काढू. वहिनी, या इकडे.”

सांगायला हवं होतं. दहा, आठ, नवा डबा, जुना कॅमेरा, सगळं सांगायला हवं होतं. आई तोवर उठली होती. तिने ह्या वेळी साडी बदलायला वेळ मागितला नाही, फक्त पदर दोन्ही खांद्यांवरून घेतला आणि दाराच्या चौकटीत उभी राहिली. काकाने झाकण उघडलं, डोळा लावला, म्हणाला, “हं, हसा.” फ्लॅश पडला. कॅमेरा घुरघुरला, रूळ फिरल्याचा आवाज आला. तोंड उघडंच. काही बाहेर आलं नाही.

आई अजून हसूनच उभी होती. काकाने कॅमेरा हलवून बघितला, तोंडात डोकावला, मग मागची खिडकी वाचली.

“अजून एक आहे,” तो म्हणाला.